आजाराशी ठाम, माणसाशी मऊ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



हीरक महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजारांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आहारविकार आणि व्यसनाधीनता हे दोन्ही आजार बहुधा शाळा-महाविद्यालयाच्या वयातच मूळ धरतात. मनोरुग्णांची परिचारिका म्हणून जे काम मी करते, त्यातले घरी उपयोगी पडेल असे काही आज आपल्यापुढे ठेवते.

वरवर पाहता हे दोन आजार परस्परविरुद्ध वाटतात. एकीकडे समोरचे अन्न नको असते, दुसरीकडे नको ती वस्तू हवीच असते. रुग्णालयात मात्र त्यांचे साम्य लगेच जाणवते. दोहोंत लपवाछपवी असते, ‘मला काहीही झालेले नाही’ हा नकार असतो आणि घरच्यांच्या मनात शरम असते. दोहोंना लोक एकच नाव देतात : हट्ट.

तो हट्ट नव्हे, याचा एक जुना पुरावा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने उतरले. त्याहून बोलका होता तो मनातील बदल. धडधाकट तरुण खिन्न आणि चिडचिडे झाले, माणसांपासून दूर राहू लागले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृती जमवू लागले. उपासमारच मनाचा ताबा घेते. म्हणूनच अ‍ॅनोरेक्सियाने खंगलेल्या मुलीशी आम्ही वाद घालत नाही. आधी तिचे पोषण सावरतो.

तेही सावकाश. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहाला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखी द्रव्ये झपाट्याने घटून हृदयाची लय बिघडू शकते. आईने मायेने वाढलेले भरगच्च ताटही अशा वेळी घातक ठरते. आहाराचे प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात, परिचारिका ते पाळले जाते की नाही ते पाहते. ती सकाळी ठरावीक वेळी, हलक्या कपड्यांत वजन घेते, कारण वजनाआधी पोटभर पाणी पिण्याची युक्ती रुग्णांना ठाऊक असते. जेवताना ती शेजारी बसते आणि जेवणानंतर सुमारे तासभर सोबत राहते, कारण उलटी काढण्याची ओढ त्याच वेळी अनावर होते. त्या तासात बोलणे पुस्तकांचे, गाण्याचे, भरतकामाचे. उष्मांकांचे मुळीच नाही. नियम ढळत नाही आणि आवाजही चढत नाही.

दारूच्या बाबतीतही हाच तोल लागतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून दारू तोडावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो सल्ला जिवावर बेतू शकतो. दारू थांबल्यावर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि साधारण ४८ ते ७२ तासांनी काहींना भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. म्हणून नाडी, रक्तदाब, कंप, घाम यांची नोंद रात्रभर ठेवावी लागते आणि थायमिन हे जीवनसत्त्व वेळेवर द्यावे लागते.

शरीर सावरल्यावर खरे संभाषण सुरू होते. ‘किती दिवस पिणार आहात?’ या प्रश्नाने माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘दारूने तुम्हांला काय दिले आणि काय नेले?’ असे विचारले की तो स्वतःच हिशेब मांडतो. बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत, ही रीत विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडली. परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन आहे, हे हिल्डगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेने १९५२ सालीच आपल्या ग्रंथात सांगून ठेवले होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला सन्मानाने वागवण्याची हीच दृष्टी मराठी घरांत पोहोचवली.

तरीही उपचारांपर्यंत फार थोडे पोहोचतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणते ना कोणते उपचार मिळाले होते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे. गणेशोत्सवापासून हळदीकुंकवापर्यंत आपण सगळे सगळ्यांना ओळखतो. हा जिव्हाळा आपले बळ आहे. पण ‘चार घरांत कळेल’ या धास्तीने कुटुंबे महिनोन्‌महिने गप्प राहतात, तीही त्यामुळेच. आणि ‘काय गं, किती सुटलीस!’ हे सहज उच्चारलेले वाक्य वयात येणाऱ्या मुलीच्या मनात किती खोल जाते, याची बोलणाऱ्याला कल्पना नसते. मुलगेही याला अपवाद नाहीत.

म्हणून पालकांना विनंती : मुलांच्या देहावर शेरे मारू नका. जेवणानंतर मूल नेमाने न्हाणीघरात जात असेल, ताटातले लपवत असेल, मुलीची पाळी थांबली असेल, घरातले पैसे किंवा जुने मित्र अचानक नाहीसे होत असतील, तर जाब न विचारता शेजारी बसा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक विनामूल्य आहे. रुग्णाच्या आजाराची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. तेव्हा बोभाट्याच्या भीतीने उपचार लांबवू नका.

माजी विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. आपल्या वर्गातला एखादा सोबती स्नेहमेळाव्यांना येईनासा झाला असेल, तर त्याच्याविषयी आपसांत बोलण्याऐवजी त्याच्या घरी जा. साठ वर्षांत या शाळेने जोडलेली माणसे अशा वेळी कामी यावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.