पिस्तुलाचा परवाना दिला की गुंडांना धाक बसतो का?

मागच्या भागानंतर उमरखेडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गुंडांकडे देशी कट्टे आहेतच. मग साध्या माणसालाही खिशात पिस्तूल ठेवायचा परवाना सहज मिळाला, तर गुंड दहा वेळा विचार करेल ना?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जानेवारी २०२२ मध्ये उमरखेडलाच सरकारी रुग्णालयातल्या एका डॉक्टरांचा भररस्त्यात गोळ्या झाडून खून झाला. ज्या गावाने हे पाहिलंय, त्या गावातल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आज हाच विषय, आणि शक्य तेवढा आकड्यांच्या आधाराने.

आधी कायदा बघू. आपल्याकडे हत्यार बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्या लोकांना नि:शस्त्र केलं, त्याचा राग इतका होता की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. कामत मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच प्रांताचे. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा मुद्दा होता.

आज १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू आहेत. पोलिसांचा अहवाल घेऊन जिल्हाधिकारी परवाना देतात. आणि गंमत अशी, की परवाना असला तर हत्यार झाकूनच न्यायचं असतं, ते मिरवणं किंवा लग्नात हवेत बार काढणं हा गुन्हा आहे. शेतकऱ्यासाठी त्याच कायद्यात वेगळी सोयही आहे: पीक राखायला ठासणीची बंदूक, जिला आपल्याकडे भरमार म्हणतात. रानडुक्कर आणि रोही रात्रीतून शेत साफ करतात हे यवतमाळला सांगायला नको. पण ती गरज वेगळी आणि खिशातलं पिस्तूल वेगळं.

आता धाकाचा मुद्दा. याची सगळ्यात मोठी परीक्षा अमेरिकेत झालीय, कारण तिथे एकेका राज्याने वेगवेगळ्या वर्षी लपवून हत्यार बाळगायची मुभा दिली. जॉन लॉट या अर्थतज्ज्ञाने १९९८ मध्ये पुस्तक लिहून दावा केला, की अशा राज्यांत गुन्हे कमी झाले, कारण कोणाच्या खिशात काय आहे हे चोराला कळत नाही. ऐकायला पटतं. पण २००४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सगळा अभ्यास तपासला आणि सांगितलं, की या पुराव्यावरून गुन्हे वाढले की घटले हे ठरवता येत नाही.

का? मी सॉफ्टवेअरवाला, माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हरवर एकाच दिवशी दोन बदल टाकले आणि सिस्टिम सुधारली, तर श्रेय कुठल्या बदलाला द्यायचं? त्याच काळात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत क्रॅक कोकेनची लाट येऊन गेली होती. ज्या राज्यांत तिचा तडाखा जास्त, तिथे गुन्हे आधी चढले, मग उतरले, आणि त्याचा कायद्याशी संबंध नव्हता.

पुढे २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत वापरली. मुभा देणाऱ्या प्रत्येक राज्यासाठी इतर राज्यांच्या मिश्रणातून एक जुळं राज्य तयार केलं, आधीची वर्षं त्याच्याशी जुळवली आणि मग दोघांची वाट कुठे फुटते ते पाहिलं. दहा वर्षांनी मुभा देणाऱ्या राज्यांत हिंसक गुन्हे अंदाजे १३ ते १५ टक्के जास्त निघाले. गाड्यांतून, घरांतून बंदुका चोरीला जातात आणि साधं भांडण गोळीपर्यंत पोचतं, ही त्यामागची काही कारणं.

अमेरिका सोडा, आपलं बघू. २०१६ च्या अखेरीस उत्तर प्रदेशात सुमारे १२.७७ लाख शस्त्र परवाने होते, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. म्हणजे पंधरा पट, आणि लोकसंख्या तर दुप्पटही नाही. तरी दोन्ही राज्यांत खुनाचं प्रमाण लाखामागे साधारण दोनच्या आसपास. एवढ्यावरून मी कारण सिद्ध करणार नाही, दोन राज्यांत शंभर गोष्टी वेगळ्या असतात. पण परवान्याने धाक बसत असता, तर एवढ्या मोठ्या फरकात तो कुठेतरी दिसायला हवा होता. आपल्याकडे गोळीने होणारे बहुतांश खून विनापरवाना हत्याराने होतात. कट्टेवाला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करत नाही.

आणि ज्याला मारायचं ठरवून कोणी येतो, त्याला वेळ कोण देतं? हल्लेखोर जागा निवडतो, क्षण निवडतो. आपल्या खिशातलं पिस्तूल बाहेर येईपर्यंत बहुतेकदा सगळं संपलेलं असतं.

परवान्याचं हत्यार चुकीच्या हातात जात नाही, असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. तपासात पुढे आलं, की पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं.

बीडचं उदाहरण तर जास्तच बोलकं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तो बंदुकीने नाही, अपहरण करून अमानुष मारहाणीने झाला. पण त्यानंतर जिल्ह्यातले परवाने मोजले तर ते बाराशेहून जास्त निघाले, आणि प्रशासनाला त्यातले अनेक रद्द करावे लागले. म्हणजे परवाने सहज मिळाले तेव्हा ते सरपंचाच्या कामी आले नाहीत. वट असलेल्यांच्या कंबरेला लागले. आपल्या श्रोत्याला ज्याच्यापासून वाचायचंय, तोच रांगेत पहिला उभा असतो. म्हणून माझं उत्तर 'नाही' असं आहे.

अजून एक गोष्ट, जी आपल्या जिल्ह्यात बोलायलाच हवी. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. नापिकी आणि कर्जाने किती घरं मोडली हे यवतमाळला माहीत आहे. कीटकनाशकाचा डबा हाताशी असणं किती महागात पडतं, तेही माहीत आहे. त्याच घरात कपाटात भरलेलं पिस्तूल आणून ठेवायचं का, याचा विचार करा. वाईट रात्र निघून जाते, पण गोळी परत घेता येत नाही.

मग करायचं काय? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज करा. जिल्ह्यात किती परवाने आहेत? त्यातल्या किती जणांवर गुन्हे दाखल आहेत? शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली गेल्या पाच वर्षांत किती परवाने निलंबित किंवा रद्द झाले? विनापरवाना किती हत्यारं पकडली, आणि किती खटल्यांत शिक्षा झाली? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला वाटतं धाक बसायचा असेल तर तो या शेवटच्या आकड्यातून बसेल. कट्टा सापडला की शिक्षा होतेच, हे गुंडाला कळलं की तो नक्की दहा वेळा विचार करेल.

कोणी अर्ज केला तर उत्तर मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ते आकडे सगळ्यांसमोर मांडू. तोवर काळजी घ्या.