काचेंतील समुद्र

घागरभर पाणी उन्हांत ठेवलें तर तें घटकेंत तापतें. विहीर मात्र वैशाखांतहि थंड राहते. दिवाणखान्यांत प्रवाळ व रंगीत मासे पाळण्यासाठीं जो काचेचा हौद मांडतात, त्याचें बरेंवाईट या साध्या नियमावर अवलंबून असतें. समुद्र ही विहीर होय, आणि हौद ही घागर. समुद्रांत जो फरक पडावयास आठवडे लागतात, तो हौदांत एका दुपारीं पडतो.

मासा हा शीतरक्त प्राणी आहे. पाणी जितकें उष्ण, तितकेंच त्याचें शरीर उष्ण. पाणी दहा अंशांनीं तापलें कीं त्याच्या देहांतील घडामोडींचा वेग सामान्यतः दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो, व त्याला प्राणवायु अधिक लागतो. पाण्याचा स्वभाव मात्र नेमका उलट. २५ अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर समुद्रजलांत फार तर सुमारें ६.७ मिलिग्रॅम प्राणवायु विरतो. ३० अंशांवर तो सुमारें ६.२ इतकाच मावतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मग मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात.

प्रवाळाचें प्रकरण याहून नाजूक आहे. प्रवाळ दिसावयास झाडासारखें, पण वस्तुतः प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालें बिऱ्हाड करून असतात. तीं प्रकाशावर अन्न तयार करितात आणि त्यांतील मोठा वाटा यजमानास देतात. यजमान त्यांना आसरा व खत पुरवितो. प्रवाळाचा रंगहि पुष्कळ अंशीं या बिऱ्हाडकरूंचाच असतो. नेहमींच्या उन्हाळ्यांतील कमाल उष्णतेहून पाणी एकच अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर शैवालांची अन्न करण्याची व्यवस्था बिघडते व तींतून घातक द्रव्यें निघूं लागतात. तेव्हां प्रवाळ त्यांना बाहेर काढतें आणि पांढरेंफटक पडतें. तें लगेच मेलेलें नसतें. पाणी वेळेवर निवलें तर शैवालें पुनः वाढतात; न निवलें तर प्रवाळ उपासमारीनें मरतें. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० व २०१६ सालीं हाच प्रसंग ओढवला. थंडीहि तितकीच बाधक आहे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१० मधील कडाक्यानें पुष्कळ प्रवाळें मेलीं.

यास्तव हौदाचें पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावें, आणि मुख्य म्हणजे तें स्थिर ठेवावें. एक मोठा हीटर लावण्यापेक्षां दोन लहान लावावे. एक बंद पडला तर पाणी एकदम गारठत नाहीं, आणि एक चालूच राहिला तर तें एकाएकीं कढत होत नाहीं. उन्हाळ्यांत पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंशांनीं उतरतें. मात्र वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेंच राहतें. म्हणून घट भरून काढतांना शुद्ध गोडें पाणीच घालावें, खारें घालूं नये. घाबरून बर्फाचे खडे मात्र टाकूं नयेत; उष्णतेइतकाच हा आकस्मिक धक्काहि मारक ठरतो. वीज गेली तर प्रथम हवेची सोय करावी, कारण मासे आधीं गुदमरतात.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न राहिलेला नाहीं. जुलै २०२३ मध्यें फ्लॉरिडाच्या उथळ समुद्राचें पाणी असह्य तापलें. तेव्हां तेथील संशोधकांनीं समुद्रांतील रोपवाटिकांमधून हजारों प्रवाळें उचलून जमिनीवरील टांक्यांत आणिलीं, आणि पाणी निवल्यावर त्यांतलीं पुष्कळ परत नेलीं. आपल्या मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळें आहेत. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. तीं समुद्रांतून काढून घरीं आणणें हा गुन्हा होय. त्यांच्यासाठीं हौद मांडण्याची पाळी न येणें, हेंच खरें भाग्य. ज्यानें एका हौदाचा एक अंश सांभाळण्यासाठीं रात्र जागविली असेल, त्याला समुद्राच्या एका अंशाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.