आधी चिमूट, मग बोळा

उन्हाचा कडाका वाढला की कोरड्या हवेने नाकातले नाजूक अस्तर सुकते, त्यावर खपली धरते आणि जरा बोट लागले तरी घोळणा फुटतो. घरात पळापळ होते. कोणी डोक्यावर गार पाणी ओतते, कोणी कांदा फोडून नाकाशी धरते, आणि कपडे रक्ताने भरू नयेत म्हणून मान मागे टाकायला तर सगळेच सांगतात. एवढे करूनही रक्त थांबले नाही, की रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा लागतो. तिथे काय व्हावे, हा आजचा विषय. माझे म्हणणे असे की तिथेही पहिला उपचार बोटांच्या दाबाचाच हवा, आणि तो घड्याळ लावून पुरा झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. उपाय इतका साधा आहे की तो उरकला जातो, आणि मग ज्याला गरज नव्हती अशा माणसाच्याही नाकात बोळा कोंबला जातो.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, बोट सहज पोहोचेल अशा जागी, अनेक रोहिण्यांच्या फांद्या एकत्र येऊन जाळे बनते. अमेरिकन शल्यविशारद जेम्स लिटल यांनी 1879 मध्ये या जागेचे वर्णन केले. पुढे जर्मनीच्या कीसेलबाख यांचेही नाव तिला मिळाले. दहापैकी सुमारे नऊ घोळणे इथलेच असतात. ही जागा नाकाच्या मऊ भागाआड आहे, त्यामुळे वरच्या हाडावर कितीही जोर लावला तरी दाब तिथे पोहोचत नाही. मान मागे टाकल्याने रक्त फक्त दिसेनासे होते; ते घशात उतरते, गिळले तर उलटी होते, श्वासनलिकेत गेले तर जीव गुदमरतो. म्हणून बसायचे, किंचित पुढे वाकायचे, तोंडाने श्वास घ्यायचा, घशात आलेले रक्त थुंकायचे आणि दोन्ही नाकपुड्या चिमटीत घट्ट धरायच्या, सलग 10 ते 15 मिनिटे. मध्येच बोटे काढून ‘थांबलं का’ पाहिले की नुकती धरू लागलेली गुठळी सुटते आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते.

अलीकडे या पायरीला वळसा घालून ट्रॅनेक्सामिक ॲसिडकडे वळण्याचा मोह होतो. जपानच्या ओकामोतो दांपत्याने शोधलेले हे औषध गुठळी विरघळू देत नाही, आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात त्याचे मोल मोठे आहे. 2013 मध्ये इराणमधला 216 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधात भिजवलेल्या कापसाने 71 टक्के रुग्णांचे रक्त 10 मिनिटांत थांबले, नेहमीच्या बोळ्याने 31 टक्क्यांचे. पण इथे तुलना बोळ्याशी होती, आणि कोणाला काय दिले हे उघड दिसत होते. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या 26 तातडीच्या विभागांतला 496 प्रौढांचा अभ्यास आला. साधे प्रथमोपचार आणि रक्तवाहिन्या आकसवणारे औषध देऊनही रक्त न थांबलेले हे रुग्ण. काहींच्या नाकात या औषधाचा कापूस ठेवला, काहींच्या नुसत्या निर्जंतुक पाण्याचा. कोणता कशाचा हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. शेवटी बोळा लागला तो औषधवाल्यांपैकी 43.7 टक्क्यांना आणि पाणीवाल्यांपैकी 41.3 टक्क्यांना. मला यातली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. रक्त हट्टाने वाहत असलेल्या माणसांतही पाण्याच्या कापसावर निम्म्याहून अधिकांचा बोळा टळला. पाण्यात औषधी गुण नाही. कापसाचा स्पर्श, दाब आणि मिळालेला वेळ यांनीच काम केले असावे, असा माझा निष्कर्ष आहे.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा : इतकी मिनिटे नाक धरून बसायला माणूस कुठून आणायचा? पण चिमूट रुग्ण स्वतः धरू शकतो, नातेवाईक धरू शकतो, नाकाला लावायचा चिमटाही मिळतो. उलट बोळा घालणे वेदनादायक असते, आणि न विरघळणारा बोळा काढायला दोन-तीन दिवसांनी पुन्हा यावे लागते. दुसरा आक्षेप रक्तदाबाचा. आकडा चढलेला दिसतो, पण भीतीनेही तो चढतो. रक्त वाहत असताना आकडा घाईने खाली आणणे हा घोळण्यावरचा उपचार नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांचे काय? जिवावर बेतलेले नसेल तर त्यांनाही आधी हेच उपाय करावेत, गोळ्या परस्पर बंद करू नयेत, असे अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सांगितले. बोळा लागलाच तर त्यांना विरघळणारा घालावा, कारण दुसरा ओढून काढताना जखम पुन्हा वाहू शकते.

दाबाने भागले नाही तर आकसवणारा फवारा, मग रक्ताची जागा दिसल्यास सिल्व्हर नायट्रेटने डागणे, तेही एका वेळी पडद्याच्या एकाच बाजूला, नाहीतर पडद्याला भोक पडण्याचा धोका. आणि मग बोळा. मागच्या भागातला रक्तस्राव मात्र या क्रमात बसत नाही. नाक घट्ट धरूनही रक्त घशात उतरत असेल, चक्कर येत असेल, नाडी धावत असेल, तर श्वासमार्ग सांभाळणे, शिरेत सुई लावणे आणि तज्ज्ञाला बोलावणे हे सारे लगेच व्हावे. काही वेळा शस्त्रक्रियेने रोहिणीच बांधावी लागते.

माझी विनंती दोघांना आहे. विभागप्रमुखांनी नाकाचे चिमटे आणि भिंतीवरचे घड्याळ रुग्ण बसतो तिथेच ठेवावे. आणि तुम्ही रुग्णालयात निघाल तेव्हा चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या, चिमूट किती वाजता धरली ते लिहून ठेवा, आणि वाटेत ती सोडू नका.