कॉलम सरकला, निरोप पोचला का?

मढ गावात माळशेज घाटाकडून येणारा पाऊस धो धो कोसळतो. समजा, तिथे शाळा बांधायचीय. वास्तुविशारदाने पडवी रुंद करताना एक कॉलम दीड फूट सरकवला. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या संगणकावर मात्र तो जुन्याच जागी. त्या हिशेबाने सळई कापली, की पैसे पाण्यात! दोघांची सॉफ्टवेअरं वेगळी, म्हणूनच ‘आयएफसी’ ही खुली फाइल-पद्धत मोलाची. २०१३ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात कॉलम म्हणजे नुसती रेघ नसते. त्याची उंची, मजला, काँक्रीटची प्रत, सगळं सोबत जातं. नागपूर मेट्रोने तर अशा माहितीने भरलेल्या त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडला. तरी फाइल पोचल्यावर तुळया, कॉलम दोन्हीकडे ताडून पाहाच. रूपांतरात तपशील गळतात.