सांध्यांची बाहुली
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज मला ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे ती आपणांपैकी बहुतेकांच्या शाळेत आहे. परंतु ती कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आहे. तपासणीच्या दिवशी बाहुली बाहेर येते, साहेब तिचे कौतुक करतात, आणि ती पुन्हा आत जाते. अशा बाहुलीबद्दल माझे काही म्हणणे नाही. मुलाने स्वतः कापलेली, स्वतः सांधलेली आणि हवी तशी उभी-वाकडी करता येणारी बाहुली वर्गात असावी, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

हलणाऱ्या खेळण्याची ओढ माणसाला फार जुनी. मोहेंजोदडो येथे मातीचा असा बैल सापडला आहे की ज्याचे डोके वेगळे केलेले असून ते दोरीने डोलविता येत असे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीत सायखड्याच्या, म्हणजे सूत्राने नाचविण्याच्या बाहुल्यांचा दृष्टांत आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री लाकडी बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या आजवर सांभाळल्या. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

पण कळसूत्री बाहुली आणि आपली बाहुली यांत एक मोठा भेद आहे. कळसूत्रीला वरून दोरा असतो. तिचा सांधा जितका सैल तितकी ती चांगली नाचते. आपल्या बाहुलीला वरून कोणी धरीत नाही. हात वर केला तर तो वरच राहिला पाहिजे. म्हणजे सांधा हलावा आणि थांबावाही. सारी कारागिरी येथे आहे, आणि मुलाचे शिक्षणही येथेच आहे.

साहित्याची चिंता करू नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महाग उपकरणांच्या जागी पाने, बिया, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तू वापरल्या. आपल्या गावी जुन्या लग्नपत्रिका घरोघर पडलेल्या असतात. त्यांच्यासारखा जाड कागद विकत घेऊ म्हटले तरी स्वस्तात मिळत नाही. भोक पाडावयास पोत्याचे दाभण, बांधावयास मेण लावलेला दोरा, चिकटवावयास कणकेची खळ, इतके पुरे.

बाहुली समोरून न काढता एका बाजूने काढावी. समोरून काढलेल्या बाहुलीला वाकता येत नाही, आणि आपल्या मुलांनी पाहिलेली बहुतेक कामे वाकून करावयाची आहेत. डोके, छाती, कंबर, हातांचे चार आणि पायांचे चार असे 11 तुकडे होतात. दोन्ही हात खांद्याशी एकाच गाठीत आणि दोन्ही पाय कमरेखाली एकाच गाठीत बसवावेत, म्हणजे सांधे 8 होतात. मग मुलांनी हेच सांधे स्वतःच्या अंगावर मोजावेत. तेथे 10 भरतात. दोन कोठे गेले, हा प्रश्न वर्गात मोकळा सोडून द्यावा. उत्तर सांगण्याची घाई नको.

तुकड्याचे टोक अर्धगोल कापावे, चौकोनी ठेवल्यास वाकताना कोपरा बाहेर डोकावतो. भोक त्या अर्धगोलाच्या बरोबर मध्यावर आणि दोऱ्याइतकेच बारीक असावे. त्याभोवती खळीने चिंधी चिकटवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कागद फाटतो. आता मुख्य गोष्ट. दोन तुकड्यांच्या मध्ये पैशाएवढी जाड कापडाची चकती घालावी, आणि मग दोन्ही अंगांनी दुहेरी गाठ ओढून मारावी. कापडाच्या घर्षणामुळे हात ठेवावा तेथे थांबतो. परदेशात लवचीक दोरी ओवलेल्या महाग बाहुल्या मिळतात. त्यांच्याही सांध्याच्या खोबणीत हौशी लोक याच कारणासाठी पातळ चामडे चिकटवितात. गाठ फार आवळली तर कागद वळतो, ढिली राहिली तर हात लोंबतो. किती आवळावी हे सांगून येत नाही. मुलाच्या बोटांनाच ते कळावे लागते.

बाहुलीचे कोपर मागे वळले की मुले हसतात. हसू द्यावे. मग प्रत्येकाने आपले कोपर व गुडघा वाकवून पाहावा. कोपर व गुडघा बिजागरीसारखे एकाच दिशेने का वळतात आणि खांदा उखळीतल्या मुसळासारखा चहूकडे कसा फिरतो, हे त्या दिवशी समजले म्हणजे पुस्तकातले चित्र केवळ उजळणीपुरते उरते. पाठीमागे पुठ्ठ्याची लहान पट्टी चिकटवून उलटे वळणे अडविता येते. ती कोठे चिकटवावी हे मुलांनीच शोधावे.

बालाघाटाच्या रांगेतील एका तांड्यावरच्या शाळेत मी पाहिलेली गोष्ट सांगतो. चौथीतला एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, तो चैत्रात परत आला. वाचन मागे पडलेले, बोलणे जवळजवळ बंद. बाईंनी गोणपाटावर बाभळीच्या काट्यांनी बाहुली टोचून ती ऊस तोडीत असल्याची आकृती केली होती. कंबर वाकलेली, पाय ताठ. हा मुलगा उठून जवळ आला आणि त्याने दोन्ही गुडघे वाकविले. मग एक हात पुढे नेऊन ऊस धरल्यासारखा केला व दुसरा थेट जमिनीपर्यंत उतरविला; ऊस बुडातून तोडावा लागतो. पाय ताठ ठेवले तर दुपारपर्यंत कंबर राहत नाही, असे तो म्हणाला. वर्गातील कोणालाच, बाईंनासुद्धा, हे ठाऊक नव्हते. बाईंनी त्याला आणखी आकृत्या करावयास सांगितल्या. मोळी बांधणे झाले, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणे झाले. प्रत्येक आकृतीखाली त्याने एक ओळ लिहिली. अक्षर वाईट होते, पण चार ओळी होत्या.

त्याच वर्गातील एका मुलीने तक्रार केली की या बाहुलीला कडेवर मूल घेता येत नाही. तिचे खरे होते. कडेवर मूल घेताना कंबर एका अंगाला काढावी लागते, आणि ते बाजूने काढलेल्या चित्रात दिसत नाही. तिच्यासाठी समोरून पाहिलेली दुसरी बाहुली करावी लागली. घरी लहान भावाला सांभाळणाऱ्या मुलीखेरीज हे कोणाला सुचले असते?

सांधे महिन्या-दोन महिन्यांत सैल होतात. बाहुली टाकून न देता गाठ कापून नवी चकती घालावी, आणि हे काम ज्याची बाहुली त्यानेच करावे. जी मुले हंगामात गाव सोडून जातात त्यांची बाहुली शाळेत ठेवून घेऊ नये. जाताना त्यांच्या पिशवीत द्यावी, सोबत दोन हात मेणाचा दोरा आणि थोड्या कापडी चकत्या बांधून द्याव्यात.