हायड्राचा तक्ता आणि मिरजेचा मामा

(या भागाचा लिखित मजकूर. मधले 'अं…अं' आणि दोनदा वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे. बाकी बोललो तसंच.)

आज हायड्राबद्दल बोलायचंय. मार्व्हलच्या कॉमिक्समधली हिरव्या बुरख्यातल्या खलनायकांची गुप्त संघटना. सिनेमे बघितले असतील तर नाव माहिती असेल, नसतील बघितले तरी काही अडणार नाही.

मी हिच्या मागे लागलो ते रागातून. मे २०१६. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि हॉस्टेलवर मी पेपरचा अभ्यास सोडून 'कॅप्टन अमेरिका: स्टीव्ह रॉजर्स' या नव्या मालिकेचा पहिला अंक वाचतोय. लेखक निक स्पेन्सर. अंकाच्या शेवटी खुद्द कॅप्टन अमेरिका हायड्राचा जयजयकार करतो. आणि आधीच्या पानांवर त्याच्या लहानपणीचे प्रसंग आहेत, ज्यातून असं सुचवलंय की हा पोरवयापासूनच त्यांचा होता.

हसू नका, पण मला खरंच लागलं ते. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी निर्माण केलेला हा माणूस. १९४१च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतोय, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीसुद्धा नव्हती. आणि आता हा नाझींच्या कुळातल्या संघटनेचा माणूस? मी ठरवलं, हे खोटं आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं. मग इंजिनिअर माणूस जे करतो ते केलं. एक्सेल शीट उघडली. हायड्रा जिथे जिथे आली तो अंक, ते साल, आणि मुखवट्याखाली कोण निघालं, असे तीन कॉलम.

पहिली ओळ सोपी होती. 'स्ट्रेंज टेल्स', अंक १३५, साल १९६५. लेखन स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी. त्याच अंकात निक फ्युरी शील्डचा प्रमुख होतो, म्हणजे हायड्रा आणि शील्ड जुळी भावंडंच म्हणायची. नाव ग्रीक पुराणातल्या राक्षसावरून: एक डोकं छाटलं की दोन उगवतात. त्या पहिल्या कथेचा शेवट मला अजून फार आवडतो. सगळ्या हायड्राचा सर्वोच्च नेता कोण, तर एका मोठ्या कंपनीतला अर्नोल्ड ब्राउन नावाचा कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. आपला संशय बड्या साहेबावर जावा अशी लीने सोय केलेली असते. आणि हा ब्राउन मरतो कसा? बुरखा काढून पळताना त्याचीच माणसं त्याला ओळखत नाहीत, आणि गोळी घालतात. गुप्ततेचं याहून चांगलं ऑडिट मी वाचलेलं नाही.

म्हणजे १९६५ साली हायड्रा ही बऱ्यापैकी लहान भानगड होती. नेता मेला, कथा संपली.

मग गडबड सुरू झाली. बॅरन स्ट्रकर हा १९६४पासून 'सार्जंट फ्युरी'मध्ये येणारा नाझी खलनायक. १९६७मध्ये जिम स्टेरान्कोने हायड्राचा खरा सूत्रधार म्हणून त्याला पुढे आणलं. म्हणजे ब्राउन बिचारा मधला माणूस ठरला, आणि संघटनेची मुळं मागे दुसऱ्या महायुद्धापर्यंत गेली. नंतरच्या लेखकांनी ती आणखी खाली खणत नेली. इथे माझी शीट मोडली. एक 'साल' पुरेना. शेवटी दोन कॉलम केले: 'कधी घडलं' आणि 'कधी छापलं'. आपल्यातले जे कोड लिहितात त्यांच्यासाठी सांगतो, हे म्हणजे गिटमध्ये मागची तारीख टाकून केलेलं कमिट. तारीख १९४५ची, मजकूर कालचा.

याचा कळस २००९मध्ये. 'सीक्रेट वॉरियर्स', लेखक जोनाथन हिकमन, सोबत ब्रायन मायकल बेंडिस. पहिल्याच अंकात फ्युरीच्या हाती एक तक्ता लागतो. हायड्राच्या ताब्यात काय काय आहे त्याचा. आणि त्या तक्त्यात शील्डसुद्धा. म्हणजे ज्या संस्थेसाठी त्याने आयुष्य घातलं ती पहिल्यापासून शत्रूचीच शाखा! २०१४च्या 'विंटर सोल्जर' सिनेमानेही तोच धागा आपल्या पद्धतीने घेतला. तिथे झोला नावाच्या शास्त्रज्ञाचा मेंदू चुंबकीय फितींवर साठवलेला आहे, ते बघून मी थिएटरात हसलो होतो. पण त्याने लिहिलेला, माणसांच्या माहितीवरून पुढे कोण त्रासदायक ठरेल ते शोधणारा अल्गोरिदम, त्याचं मात्र पुढे नोकरीला लागल्यावर हसू येईना.

त्या तक्त्याची गंमत बघा. फ्युरीच्या मागच्या सगळ्या कथा तशाच राहतात, एक चौकट बदलत नाही, फक्त अर्थ उलटतो. जिंकलेली लढाई? हायड्राने जिंकू दिली. पुरावा नाही? म्हणजे लपवला. एकदा असा तक्ता हातात आला की त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्टच शिल्लक राहत नाही. वाचक म्हणून मला ते प्रचंड आवडलं. आजही आवडतं.

आता मामा. मला कॉमिक्सची चटक लावली ती याने. मिरजेला त्याच्याकडे ट्रंकेत इंद्रजालचे वेताळचे अंक होते, सुट्टीत गेलो की दुपारभर पालथं पडून वाचायचो. हा माझा मामा गेल्या दोन-तीन वर्षांत रात्री जागून व्हिडिओ बघायला लागला. जगातली काही घराणी, ती ठरवतात युद्धं, ती ठरवतात रोग, औषधं विकायला. सुरुवातीला आम्ही चेष्टा केली. मग मामीचा फोन आला की यांनी शुगरच्या गोळ्या दोन महिने घेतलेल्या नाहीत. पायाला जखम आहे, भरत नाही.

मी शहाणपणा केला. फोनवर त्याला 'सीक्रेट वॉरियर्स' सांगितला. म्हटलं, मामा, बघ, हा लेखकांचा खेळ आहे, मागच्या तारखेने गोष्ट बदलायची. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "अरे, तेच तर मी म्हणतोय. त्यांना माहिती आहे म्हणून तर ते कॉमिक्समध्ये दाखवतात." झालं. माझा तक्ता त्याच्या तक्त्यात जाऊन बसला.

त्यानंतर दिवाळीला मिरजेला गेलो तेव्हा टॅबवर दुसरी कथा घेऊन गेलो. १९७४चं 'कॅप्टन अमेरिका', अंक १६९ ते १७५. लेखक स्टीव्ह एंगलहार्ट, चित्रं सॅल बुसेमा. इथे हायड्रा नाही, तिच्या जातकुळीतलं सीक्रेट एम्पायर आहे. डोक्यावरून टोप ओढलेले, नावाऐवजी नंबर असलेले लोक. यांचं पहिलं हत्यार म्हणजे जाहिराती. टीव्हीवरून कॅपला बदनाम करायचं, खुनाच्या आळात अडकवायचं, आणि आपला एक बनावट हिरो पुढे करायचा. शेवटी कॅप त्यांच्या नंबर एकचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये पोचतो. तिथे तो टोप काढतो. कॅपला चेहरा दिसतो, आपल्याला दिसत नाही. तो माणूस तिथेच स्वतःला संपवतो. एंगलहार्टने नंतर उघड सांगितलं की त्याच्या मनात निक्सन होता. हा अंक जुलै १९७४चा, आणि निक्सनने राजीनामा दिला ९ ऑगस्टला. कॅप इतका खचतो की वेश उतरवतो आणि काही अंक नोमॅड नावाने फिरतो.

मामाला वाचून दाखवताना मी मध्ये मध्ये खरं वॉटरगेट सांगत होतो. जून १९७२, फ्रँक विल्स नावाच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली. त्याने ती काढली. थोड्या वेळाने बघतो तर परत लावलेली! त्याने पोलिसांना फोन केला, पाच जण आत सापडले. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाच्या बाजूचे लोक, आणि काढलेली पट्टी पुन्हा त्याच जागी चिकटवतात. मग पैशांचा माग निघाला, सिनेटसमोर साक्षी झाल्या, निक्सनच्या स्वतःच्याच ऑफिसातल्या टेप्स त्याच्या अंगाशी आल्या. दोन वर्षांत संपलं. मामा हसला. म्हणाला, "येडेच होते की." मग जरा थांबून, "पण चेहरा का नाही दाखवला?"

मी म्हटलं, लेखकच कचरला. राष्ट्राध्यक्षाचा चेहरा काढायची त्याची छाती झाली नाही. मामाला ते पटलं. का कोण जाणे, पण कुणीतरी घाबरलं होतं हे त्याला चटकन पटलं.

तेवढ्यात मामीने गोळ्यांची पट्टी पाण्याच्या तांब्याशेजारी आणून ठेवली आणि काही न बोलता आत गेली.

हो, कॅपचं राहिलंच. २०१६च्या त्या धक्क्याचा खुलासा पुढच्याच अंकात होता. कॉस्मिक क्यूब, जो तेव्हा एका लहान मुलीच्या रूपात होता, त्याने रेड स्कलच्या सांगण्यावरून कॅपचा भूतकाळच बदललेला. म्हणजे मागच्या तारखेचं कमिट, तेही कथेच्या आतून. २०१७च्या 'सीक्रेट एम्पायर'मध्ये (नाव मुद्दाम १९७४चंच घेतलेलं) हायड्रा अमेरिका ताब्यात घेते आणि शेवटी खरा कॅप परत येऊन खोट्याला हरवतो. माझ्या मते फार लांबवलेली कथा. सात वर्षं जुनी माझी चिडचिड धरली तरी सांगतो, नुसती १९७४ची वाचा.

तर मामा. गोळ्यांकडे बघत त्याने विचारलं, "बरं, मग हे व्हिडिओ माझ्या फोनवर रोज कोण पाठवतं? आपोआप येतात? कुणीतरी ठरवत असेलच ना?"

मी म्हटलं, "मामा, तिथे बुरखा घातलेलं कुणी नाही. माझ्यासारखी पोरं असतात, लॅपटॉप घेऊन बसलेली. माणूस पुढचा काय बघेल याचा अंदाज करणारा कोड लिहितात. मागच्या नोकरीत मी तसलाच लिहायचो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मामीला हाक मारून म्हणाला, "अगं, बाहेर ये. हायड्रा आपल्याच घरात जेवतीय."

गोळी मात्र घेतली. एवढ्यात घेतोय, असं मामी सांगते. रोज रात्री फोन करून विचारते मला, म्हणजे मी तिला विचारतो. व्हिडिओ अजून बघतो तो. परवा एक मला पाठवला, खाली लिहिलं होतं: "हा तू लावलास का?"

पुढच्या भागात नोमॅडच्या त्या अंकांबद्दल, ज्यात तो स्वतःच्याच केपवर पाय देऊन पडतो. भेटू.