परक्यांची बेकरी

ऑस्ट्रेलियात शहर सोडून गाडी आत शिरली की मेंढ्या, गव्हाची शेतं आणि मधूनच एखादं आपल्या कोल्हापूरकडच्या गारगोटीएवढं गाव लागतं. गावात एक पोस्ट, एक पब आणि एक बेकरी. त्या बेकरीच्या गल्ल्यावर पुष्कळदा व्हिएतनामी माणूस दिसतो. भाचीकडे गेलो होतो तेव्हा अशाच एका गावात आम्ही दुपारच्या जेवणाला थांबलो.

काचेच्या कपाटात वरच्या फळीवर मीट पाय, म्हणजे आत खिम्याचं सारण आणि वर खुसखुशीत पारी. हा तिकडचा वडापाव समजा. शेजारी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. हे सगळं अस्सल तिकडचं. खालच्या फळीवर मात्र वीतभर लांबीचे कुरकुरीत पाव, व्हिएतनामी लोक त्याला बान मी म्हणतात. मधोमध चिरून आत कलेजीचं वाटण, मेयोनेज, भाजलेल्या मांसाचे काप, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं, काकडी, कोथिंबिरीच्या अख्ख्या काड्या आणि हिरवी मिरची. आम्ही कोंबडीचे घेतले. मिरची घालू का, असं गल्ल्यावरच्या बाईंनी जरा काळजीनंच विचारलं. आम्ही कुठले, हे त्यांना माहीत नव्हतं!

आतल्या बाजूला चार टेबलं होती. तिथं फो मिळत होता. फो म्हणजे मोठ्या वाडग्यात तांदळाच्या शेवया, मांसाचे काप आणि वर रस्सा. हाडं तासन्‌तास उकळून काढलेला हा रस्सा. त्यात दालचिनी, लवंग, चक्रीफूल आणि जाळावर खरपूस भाजलेलं आलं-कांदा. पहिल्याच घोटाला मला आपली मटणाची अळणी आठवली. आपण तिच्यात नारळाचं दूध, काजू, खसखस घालून पांढरा रस्सा करतो, ते लोक मात्र आपला रस्सा गढूळ होऊ न देता नितळ ठेवतात. सोबतच्या ताटलीत तुळशीची पानं, लिंबू आणि मोड आलेले मूग, तेही कच्चे. मटकी शिजवल्याशिवाय न खाणाऱ्या माणसाला ते जरा जड गेले, पण रश्श्यात बुडवल्यावर घशाखाली उतरले.

आता व्हिएतनाम हा भाताचा देश. गहू तिथं पिकत नाही. फ्रेंचांनी 1859 मध्ये सायगाव घेतलं आणि मागोमाग जहाजातून मैदा आला. पाव हे साहेबाचं खाणं, आणि महागडं. 1954 मध्ये फ्रेंचांची सत्ता संपली, देशाचे दोन तुकडे झाले आणि उत्तरेतली लाखो माणसं दक्षिणेत आली. त्यांतल्याच एका जोडप्यानं 1958 मध्ये सायगावात होआ मा नावाचं दुकान काढलं. फ्रेंच पद्धतीत पाव एकीकडे, मांस दुसरीकडे, हातात सुरी-काटा. कामावर निघालेल्या माणसाला एवढा वेळ कुठला? त्यांनी सगळं पावातच भरून हातात द्यायला सुरुवात केली. 1975 मध्ये सायगाव पडलं, माणसं होड्यांतून बाहेर पडली. एप्रिल 1976 मध्ये पाच जणांची पहिली होडी ऑस्ट्रेलियात डार्विनला लागली. गोऱ्यांखेरीज कुणाला आत न घेण्याचं धोरण त्या देशानं जेमतेम तीन वर्षांपूर्वी मोडीत काढलं होतं.

या माणसांना भाषा येत नव्हती. पण रात्री दोनला उठून भट्टी पेटवायची तयारी होती, आणि गावोगावच्या म्हाताऱ्या बेकरांची मुलं नेमकी तेवढ्याचसाठी धंदा सोडत होती. यांनी भट्ट्या चालवायला घेतल्या आणि आधी मीट पाय करायला शिकले. मला यातलं हेच मोठं वाटतं. गावाची भूक आधी भागवली, आपली चव मागाहून काउंटरवर ठेवली. पुढं तर गंमतच झाली. व्हिक्टोरिया राज्यातल्या काइनटन या लहान गावातली एक बेकरी व्हिएतनामशेजारच्या कंबोडियातून आलेल्या दोन भावांची. 2018 मध्ये देशातल्या सर्वोत्तम पायचा मान त्यांनी पटकावला.

आपल्याकडं असं काही आहे का, म्हणून मी कोल्हापूर डोळ्यांपुढं आणलं, आणि पहिलं उत्तर कोपऱ्याकोपऱ्यावर पाटी लावून उभं होतं, बेंगलोर अय्यंगार बेकरी. ही मंडळी मूळची कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याकडची. बंगळूरच्या चिकपेठेत 1898 साली त्यांची पहिली बेकरी निघाली असं मानतात. पोळी-भाताच्या सोवळ्या घरांतली माणसं साहेबाचा पाव भाजायला लागली, अंड्याला हात न लावता. इथं येऊन त्यांनी आपल्याला खारी, टोस्ट दिले आणि त्यांच्यासोबत खारा बन अलगद खपवला. मिसळीबरोबर आपण पेटीपावाच्या जाड स्लाइस कटात बुडवतो, तो पावही मुळात कुणाचा? पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, तिथल्या पोदेरांनी माडीनं आंबवला. भाकरीच्या मुलखात तो इतका मुरला की आता त्याच्याशिवाय मिसळ पुढं आली तर आपण भांडू.

पण परका आला की त्याची चव उरतेच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, 1943 ते 1948 या काळात, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बाया आणि मुलं, सायबेरियाच्या छळातून सुटून इराणमार्गे आलेली. त्यांची शाळा होती, चर्च होतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभही आहे. पण त्यांचा एक पदार्थ कोल्हापूरच्या एखाद्या हॉटेलच्या पाटीवर मी आजवर पाहिलेला नाही. कारण सरळ आहे. ते छावणीत होते, परतीची वाट बघत होते. गावात गाळा घेऊन, उधारी-वसुली करत कोल्हापूरकरांना रोज खाऊ घालायची त्यांना गरज पडली नाही. त्यांच्यानंतर त्याच जागी फाळणीमुळं घर सुटलेले सिंधी निर्वासित आले. त्यांना परत जायला देशच उरला नव्हता. त्यांनी दुकानं मांडली, आणि आज त्याच जागेची, म्हणजे गांधीनगरची, कापडाची घाऊक पेठ आपण सगळेच ओळखतो.

उद्या एखाद्या व्हिएतनामी माणसाला आपल्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीत बेकरी काढावीशी वाटली तर माझा फुकटचा सल्ला असा. पहिलं वर्षभर मुकाट्यानं खारी, टोस्ट आणि नानकटाई विकावी. मग हळूच एका फळीवर बान मी ठेवावा. कलेजी आपल्याला नवी नाही. त्यांच्या माशाच्या सॉसच्या वासाला घाबरायचं कारण नाही, सुकट-बोंबील भाजणाऱ्या घरांना तो वास कळेल. गाजराच्या लोणच्यातली साखर मात्र निम्मी करावी. आणि मिरची किती घालू, हे गिऱ्हाइकाला विचारत बसू नये.